पिन बसली म्हणून अडॅप्टर लावू नकोस

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. लेकीच्या वाजवायच्या कॅसिओ कीबोर्डाचा अडॅप्टर चालेनासा झालाय, राऊटरचा अडॅप्टर घरात पडून आहे, पिनही बरोब्बर बसते, तर तो लावू का, असं विचारलंयस. अजिबात लावू नकोस. तिच्या कीबोर्डाच्या पोटाखाली एडी-५ लिहिलंय म्हणतोस ना? एडी-५ हे कॅसिओच्या अडॅप्टरचं नाव: ९ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), ८५० मिलिअँपिअर, आणि पिनेच्या मधल्या भोकात ऋण. राऊटरवाला बहुतेक १२ व्होल्टचा आणि मधे धन. म्हणजे व्होल्ट जास्त आणि दिशाही उलटी. दोन्हींची पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरचीच, त्यामुळे ती गुमान आत जाते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी दोष कीबोर्डात आहे की अडॅप्टरमध्ये ते बघ. सहा नवे सेल घाल आणि कीबोर्ड चालू करून बघ. सहा दीडे नऊ, हिशेब सरळ आहे. बघताना अडॅप्टरची पिन मात्र काढून ठेव, कारण पिन आत असली की बऱ्याच मॉडेलांत सेलची वाट आपोआप तुटते. सेलवर नीट वाजला तर आतलं सगळं ठीक आहे. जुना अडॅप्टर फेकण्याआधी त्याची वायर पिनेपाशी हलवून बघ. तिथे आतली तार तुटलेली असणं हे सगळ्यात नेहमीचं दुखणं. वायर न हलवताही पिन सॉकेटात डुगडुगत असेल, तर दोष सॉकेटाच्या सोल्डरिंगचा. मग नवा अडॅप्टर आणूनही काही फरक पडायचा नाही.

आता नवा घेताना काय जुळवायचं? व्होल्ट तंतोतंत. त्याच्या पुढे डीसीची खूण, म्हणजे एक सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ. नागमोडी रेघ असेल तर तो एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देणारा अडॅप्टर, तो दुकानातच ठेव. अँपिअरला मात्र लोक उगाच घाबरतात. कीबोर्ड हवा तेवढाच करंट ओढतो, त्यामुळे ८५० मिलिअँपिअरच्या जागी १ किंवा २ अँपिअरचा चालतो. कमीचा चालत नाही: आवाज वाढवून ताल सुरू केला की कीबोर्ड मधेच बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि अडॅप्टर तापतो.

पोलॅरिटी, म्हणजे मधे धन की ऋण, आणि व्होल्ट या बाबतीत कंपनीच्या नावावर भिस्त ठेवू नकोस. कॅसिओचाच एडी-१२ आणि नंतरचा एडी-ए१२१५०, दोन्ही १२ व्होल्ट, दीड अँपिअर. पहिल्याच्या मधे ऋण, दुसऱ्याच्या मधे धन! यामाहाचा पीए-१५० १२ व्होल्टचा, मधे धन, पण त्याच कंपनीचा पीए-३०० १६ व्होल्टचा. म्हणून कीबोर्डावरची आणि अडॅप्टरवरची चित्राची खूणच वाच. मधल्या ठिपक्याला जोडलेलं चिन्ह तेच आतल्या भोकाचं. उलटं लावलं तर काही कीबोर्डांत उलटा करंट अडवणारा संरक्षक डायोड असतो आणि नुसता दिवा लागत नाही. नसेल तर रेग्युलेटर, कपॅसिटर असे आतले भाग जळतात, मग दुरुस्तीचा खर्च अडॅप्टरच्या कितीतरी पट.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर कुणाकडून तरी माग. डीसी २० व्होल्टवर ठेव, लाल प्रोब (वायरचं टोक) पिनेच्या भोकात, काळा बाहेरच्या कडेला. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नकोस. तुला आकड्याआधी उणे चिन्ह दिसायला हवं, म्हणजे मधे ऋण. जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना अडॅप्टर कशालाही जोडलेला नसताना ९ च्या जागी १२-१३ दाखवेल, तो बिघडलेला नसतो. नवा हलका, एसएमपीएस प्रकारचा अडॅप्टर मात्र नऊच्या आसपासच दाखवायला हवा.

भोकाचा व्यासही बघ: २.१ आणि २.५ मिलिमीटर दोन्ही मिळतात. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल बसते आणि वाजवताना धक्का लागला की वीज जाते.

व्होल्ट बदलायची खटकी आणि उलटसुलट बसणारी टोकं असलेला ‘सगळ्यांना चालणारा’ अडॅप्टर घेऊ नकोस. घरात लहान पोर आहे. खटकी १२ वर सरकायला वेळ लागत नाही. आणि कुणी अमेरिकेहून एडी-५ आणून देतो म्हणाला तर इनपुट वाच. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर तो जळणार. १००-२४० हवं.

पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. दुकानदाराला ‘९ व्होल्ट, १ अँपिअर, सेंटर निगेटिव्ह’ असंच सांग. ‘कीबोर्डचा द्या’ म्हणालास तर हाताला लागेल तो देईल. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा; तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर परत कर.

घरी आणल्यावर आधी मोजून, मग जोड. ताल लावून, आवाज पूर्ण करून अर्धा तास चालू ठेव. अडॅप्टर कोमट लागला तर ठीक. हातात धरवत नसेल, किंवा स्पीकरमधून सेलवर नसलेली किरकिर येत असेल, तर बदलून आण. पावती तोवर फाडू नकोस.

तुझा,
अनंता