'ती पावली काढा' म्हणणाऱ्या काकांना

श्री. काका,
सा. न. वि. वि.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण आमचं टर्नटेबल, रेकॉर्डी वाजवायचं यंत्र, ताळ्यावर आणल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणलेले पेढे आमच्याच चाळीतल्या पोरांना वाटून टाकलेत, आणि आभार मानायला तोंड उघडलं तर "आधी चहा टाका" म्हणालात. मग दुसरा मार्ग उरतो कुठे?

जुन्या रेकॉर्डींच्या त्या दुकानात मी दुकानदाराशी हुज्जत घालत होतो, कारण घरी रेकॉर्डी नीट वाजेनात. त्याचं म्हणणं, रेकॉर्ड खराब. माझं म्हणणं, एकाच वेळी चाळीस रेकॉर्डी कशा खराब होतील? तुम्ही कोपऱ्यात उकिडवे बसून खोकी चाळत होता. मान वर न करता विचारलंत, "आर्म कोणता आहे?" मी मोठ्या ऐटीत कार्ट्रिजचं, म्हणजे सुई असलेल्या छोट्या ठोकळ्याचं, नाव सांगितलं. तुम्ही पुन्हा तेच, "ते नंतर. आर्म कोणता?"

मला तोवर आर्म म्हणजे सुई धरून ठेवणारी दांडी, एवढंच माहीत होतं.

आमचं टर्नटेबल मामाने मस्कतहून आणलेलं, जपानी, एस आकाराच्या जाड आर्मचं. बाबा गेल्यावर ते पंधरा वर्षं चादरीखाली होतं. मी ते बाहेर काढलं आणि हौसेने जुन्या काळातलं एक महागडं कार्ट्रिज मिळवून लावलं. सव्वा ग्रॅम दाबावर चालणारं, अतिशय नाजूक. वाटलं, जितकं नाजूक तितकं चांगलं. प्रत्यक्षात गिरगावच्या चाळीतली लाकडी जमीन, गॅलरीतून कुणी पळत गेलं की सुई दोन आवर्तनं पुढे. स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खर्जाच्या भोंग्याची, जाळी काढून पाहिलं तर त्याचा पडदा विनाकारण आतबाहेर करत होता, दम लागल्यासारखा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तानपुरा. कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, एलपीवर मागचा तानपुरा सूर धरून राहीना, डोलायचा. ऑर्केस्ट्रात हे कदाचित लपलं असतं. आपल्या गाण्यात सूर मागे अखंड चालू, त्यात चोरी खपत नाही.

मग मी बाबांचा उपाय केला. हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या टोपीवर, पंचवीस पैशांचं नाणं ठेवलं.

तुम्ही आमच्याकडे आलात, चपला काढल्यात, झाकण उघडलंत आणि पहिलं वाक्य बोललात, "ती पावली काढा." २०११ साली सरकारने चलनातून काढली, ती मी २ वर्षं सुईच्या डोक्यावर वागवत होतो! अडीच ग्रॅमची पावली. सव्वा ग्रॅमच्या सुईवर पावणेचार ग्रॅमचा भार. बाबांचा पहिला रेकॉर्ड प्लेअर सिरॅमिक कार्ट्रिजचा होता, ताठ सुईचा, चार-पाच ग्रॅम दाबावर चालणारा. त्याला पावली पचायची. या नाजूक सुईची कंबर मोडायची वेळ आली होती.

पण दाब ही अर्धीच गोष्ट, हे तुम्ही विजेच्या बिलामागे लिहून दाखवलंत. ते बिल मी जपून ठेवलंय (भरलंय सुद्धा). कार्ट्रिजच्या आत सुईची बारीक दांडी रबरावर टेकलेली असते, म्हणजे ती झाली स्प्रिंग. त्या स्प्रिंगवर आर्म आणि कार्ट्रिज यांचं वस्तुमान बसलेलं. "एसटी पाहिलीय ना? रिकामी असली की खड्ड्यात आपटते, भरली की डोलते. चाकांवरचे पाटे तेच." स्प्रिंग जितकी मऊ आणि बोजा जितका जड, तितकं डोलणं संथ. वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यायचं, कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातला कम्प्लायन्सचा, म्हणजे त्या स्प्रिंगच्या मऊपणाचा, आकडा घ्यायचा, दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा डोलतं ते. ते ८ ते १२ च्या मध्ये आलं पाहिजे. त्याखाली वाकड्या रेकॉर्डीचे हेलकावे आणि जमिनीचे हादरे, वर २० पासून गाणं सुरू. या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत आर्मने हवं तेवढं थरथरावं.

आर्मचं वस्तुमान म्हणजे काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे, हे तुम्ही मला दोनदा समजावून सांगितलंत. हिशेब सुईच्या टोकापाशी जाणवणाऱ्या जडपणाचा असतो. आर्म ज्या खिळीवर झुलतो तिच्यापासूनच्या अंतराचा वर्ग त्यात येतो, त्यामुळे मागचं काउंटरवेट, तोलाचं वजन, चांगलं वजनदार असूनही खिळीला चिकटून असल्याने थोडंच भरतं. आणि हेडशेलवरची पावली, टोकापाशी बसलेली, जवळजवळ पुरीच्या पुरी भरते. म्हणजे मी रोग वाढवायचं औषध देत होतो.

आमच्या टर्नटेबलचं पुस्तक कधीच हरवलेलं. तिथे तुम्ही जे केलंत ते मी अजून लोकांना सांगत असतो. पिशवीतून हाय-फाय न्यूज मासिकाची, यंत्र तपासायची टेस्ट रेकॉर्ड काढलीत, कंपनसंख्या हळूहळू उतरत जाणारा पट्टा लावलात आणि मला म्हणालात, "ऐकू नका, बघा." सहा हर्ट्झच्या आसपास आर्मचं टोक भुतानं झपाटल्यासारखं थडथडलं. मग उलटा हिशेब. १५९ ला ६ ने भागून त्याचा वर्ग, साधारण ७०२. कार्ट्रिजचा कम्प्लायन्स २८, म्हणून एकूण बोजा २५ ग्रॅम. त्यातून कार्ट्रिजचे ६ वजा, स्क्रूंचा १ वजा. आर्म १८ ग्रॅमचा. जड. रेकॉर्डीला कुणी बोल लावू नये, नाजूक कार्ट्रिजलाही नाही. दोघांची पत्रिकाच जुळत नव्हती.

मी लगेच डेनॉन डीएल-१०३ या कार्ट्रिजवर उडी मारली, तुम्हाला आठवत असेल. जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनलेलं, ताठ सुईचं, अडीच ग्रॅमवर चालणारं. जड आर्मला ते शोभतं, हे तुम्ही मान्य केलंत. तुमचं आयुष्य रेडिओत गेलेलं, मला वाटलं आनंदाने हो म्हणाल. पण तुम्ही अॅम्प्लिफायरच्या मागे वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "हा तुमचा अॅम्प्लिफायर त्याचा ०.३ मिलिव्होल्टचा क्षीण आवाज ऐकणारच नाही. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. कशाला?"

मग ठरलं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई, माझ्या आधीच्या खरेदीपेक्षा कितीतरी स्वस्त. त्याच्या पत्रकात कम्प्लायन्स ७ पाहून रात्री अकरा वाजता मी तुम्हाला फोन केला, "काका, ७ म्हणजे फारच ताठ हो!" झोपमोड झाली असूनही तुम्ही सांगितलंत की हा जपानी आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला असतो, आपल्याला १० हर्ट्झचा लागतो, दीडपट ते दुप्पट धरा. मी १२ धरला. २५ ग्रॅम गुणिले १२, तीनशे. उत्तर ९ च्या थोडं वर. टेस्ट रेकॉर्डवर आर्म थरथरला तोही नवाच्या जवळपास, आणि थडथड नव्हे, नुसती शहारल्यासारखी हालचाल.

बाकीचं काम तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. कार्ट्रिज योग्य कोनात बसवायचा कागदी तक्ता, प्रोट्रॅक्टर, छापून आणला तर आधी त्याच्यावर पट्टी ठेवलीत. प्रिंटरने तो पानात बसवायला बारीक केला होता, ६६ मिलिमीटरची खूण ६४ वर आलेली. पुन्हा छापून आणायला पिटाळलंत. मनात शिव्या दिल्या, आता कबूल करतो.

काल संध्याकाळी तीच कुमारजींची एलपी लावली. गॅलरीत पोरांचं क्रिकेट चालू होतं, वरच्या बिऱ्हाडी कुणी पाटा सरकवत होतं. वूफर शांत. तानपुरा जागच्या जागी. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली, पदराला हात पुसत, बाजू संपेपर्यंत. काही बोलली नाही. आत जाताना मात्र म्हणाली, "त्या काकांना जेवायला बोलव."

तर या रविवारी या. बिरड्याची उसळ आहे. नाजूक कार्ट्रिज डबीत घालून ठेवलंय, तुमच्या हलक्या आर्मवर लावून बघा. जुळलं तर तुमच्याकडेच राहू दे.

आपला,
गिरगावातला, दुसऱ्या मजल्यावरचा

ता. क. पेटीचा सूर उजवीकडून का येतो म्हणून तुम्ही जाताना भुवई उंचावली होतीत. हेडशेलमधल्या लाल (उजव्या) आणि पांढऱ्या (डाव्या) तारा मीच उलट्या लावल्या होत्या. सरळ केल्या. पावली देव्हाऱ्यात आहे.