वरच्या विहिरीकडचे माकड

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू गोचिडींतून येणाऱ्या माकडतापाच्या तुझ्या कामावरून चिडून म्हणालीस, "बाबा, लोक मेलेले माकड कळवतच नाहीत. पुरतात आणि गप्प बसतात. अडाणी कुठले." मी नुसते हूं म्हटले आणि फोन तुझ्या आईकडे दिला. समोरासमोर बोलायला जीभ रेटली नसती, म्हणून लिहितो.

असे एक माकड मीही पुरले आहे.

2015 साली आपल्या गोव्यातल्या पाळी गावात माकडताप निघाला तेव्हा तू शाळेत होतीस. काजूत राबणारी माणसेच तापाने पडली होती, हे अख्ख्या सत्तरी तालुक्याला ठाऊक होते, मलाही. त्याच्या पुढच्या मार्चात वरच्या विहिरीकडच्या आंब्याखाली लालतोंडी माकडीण पडलेली दिसली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, नाकाशी थोडे रक्त सुकलेले. वाळपईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सांगायचे, एवढेच काम होते. मी घरून कुदळ आणली, एक नारळ आणला, मारुतीचे नाव घेतले आणि खड्डा बुजवून त्यावर पाचोळा ओढला.

त्या वर्षी शेजारचा काजूही पावणीत, लिलावात, घेतला होता, पैसे भरून झाले होते. फेणीची भाटी पेटलेली, काजूचे बोंडू रोजच्या रोज मळायला हवेत. माकड मेल्याचे कानावर गेले असते तर दुसऱ्या दिवशी एक माणूस कामावर आला नसता. आणि खरे सांगू? त्याहून मोठी भीती वेगळीच होती. माकडे नारळ ठेवत नाहीत, केळी ठेवत नाहीत, त्यांच्यावर दात धरून बसलेला एकतरी माणूस प्रत्येक वाड्यावर असतो. मेलेले माकड दाखवायला गेलो आणि पहिला प्रश्न आला, "मारले कुणी?" तर?

चार-पाच दिवसांनी बिया वेचणाऱ्या एका बाईला ताप भरला. डोके फुटतेय म्हणाली, डोळे लालभडक. मी गोळ्या आणून दिल्या, भाड्याला पैसे दिले आणि तिला गावी पाठवले. माकडाचे बोललो नाही. ती बरी झाली, पुढच्या हंगामाला परतही आली. पण तिचे रक्त कुणी तपासले नाही, त्यामुळे तो ताप कसला होता हे आता कुणालाच कळायचे नाही. तुझ्या वहीत ती बाई नाही आणि ते माकडही नाही.

माकड मेले की गोचिडी अंग सोडून खाली पाचोळ्यात उतरतात, म्हणून भोवती पन्नास मीटरपर्यंत औषध मारतात, हे तूच मला गेल्या चवथीला समजावले होतेस. काल जाऊन पावलांनी मोजले. त्या आंब्यापासून, माणसे पेज जेवायला बसत त्या फणसापर्यंत, एकतीस पावले. तिळाएवढी ती गोचिडींची पिले. अंगाला लागली तरी माणूस घामोळे समजून खाजवणार. आपल्या गुरांच्या कानात मी आयुष्यभर गोचिडी वेचल्या. गुरांना या तापाचे काही होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात, हे ऐकल्यापासून गोठ्यात शिरताना हात आपोआप मानेकडे जातो.

तुमच्या पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेची माणसे 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात गेली तेव्हा त्यांना पीतज्वराची शंका होती, असे तू सांगत होतीस. तिथले लोक मात्र त्याला सरळ 'मंगन कायिले' म्हणत, माकडाचे दुखणे. रानातल्या माणसाला माकड आणि ताप यांची सांगड घालता येते गं. मलाही आली होती. तरी मी कुदळच उचलली.

तेव्हा गावात बैठक घेशील तर चित्रे नंतर दाखव. आधी सांग, की मारले कुणी हे कोणी विचारणार नाही. बाग दोन-चार दिवस बंद ठेवायची तर त्या दिवसांचा रोज कोण देणार, तेही बोल. अंगाला लावायचे ते तेल हंगाम सुरू व्हायच्या आधी हातात पडू दे. माणूस तापल्यावर बाटली घेऊन येण्यात काय अर्थ! एवढे झाले असते तर मी कळवले असते का? असते असे वाटते. शपथ घेऊन नाही सांगत.

तू पाचोळ्यावरून पांढरे फडके ओढत गोचिडी गोळा करतेस तो फोटो आईने शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. मार्चात येशील तेव्हा सुरुवात वरच्या विहिरीकडून कर, जागा मी दाखवतो. ते लांब मोजे माझ्यासाठीही एक जोड आण. आईला यातले काही माहीत नाही; तू येण्याआधी मीच सांगेन.

कपिला व्यायली, पाडी झाली आहे.

तुझा,
बाबा