पाट देवघरात परत ठेव

डोंबिवली,
कोजागरीची रात्र

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा फसलं. बाबांना काही सांगायला घेतलं की ते "हं, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करतात, आणि आई, तू "बघू" म्हणतेस. तुझ्या "बघू"चा अर्थ दादाला आणि मला शाळेच्या सहलीपासून ठाऊक आहे. म्हणून लिहितेय.

पलंग बदलायचा ठरलाय. ठरलाय म्हणजे सुताराला आगाऊ पैसे दिलेत, आणि बाबांची नवी कॉट वसुबारसेच्या आधी दारात येईल. चिडायचं तर माझ्यावर चिडा, दादाने फक्त निम्मे पैसे दिलेत.

आजोबांचा पलंग घरातून जात नाहीये. हे वाक्य खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आई, पत्र इथेच खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

श्रावणात काय झालं ते मला कळलंय. तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. गौरीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकू बोलून गेल्या, "बाबा आता बरे ना, त्या रात्रीनंतर?" मी हसून "हो हो" म्हटलं, जसं काही मला सगळं माहीत होतं. मग मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. बाबा, अर्धा तास जमिनीवर बसून होतात तुम्ही. आईला उठवता येईना, तुम्हाला उठता येईना, आणि दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा "पाऊस चांगला आहे" एवढंच सांगितलंत. मी रागावले नाहीये. म्हणजे रागावले होते, पण ते गाडी पनवेलला येईपर्यंत ओसरलं. उरलं ते एवढंच, की तुम्हाला मला सांगावंसं वाटलं नाही, याला कारण मीच असणार. मी सतत घाईत असते.

गणपतीत मी टेप घेऊन वरच्या खोलीत काय करतेय असं तू विचारलंस, तेव्हा पडद्याचं माप घेते म्हणाले. खोटं बोलले. पलंग मोजत होते. बाबा, आता तुमच्या भाषेत बोलते, कारण पोफळीच्या वीजकेंद्रात आयुष्य काढलेला माणूस आकड्यांखेरीज कशाला मानत नाही.

पलंगाची चौकट १९ इंचांवर. त्यावर काथ्याची गादी ४ इंच, आणि तिच्यावर आईची कापसाची ३ इंच. एकूण २६. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत तुमचं माप १८ इंच आणि आईचं १६. (आई, मी तेल लावता लावता विती मोजत होते. तुला वाटलं लेकीला माया आली. तीही आली होतीच.) म्हणजे तू रोज रात्री तुझ्या गुडघ्याहून १० इंच उंच कठड्यावर चढतेस. कशी चढतेस तेही पाहिलं. देवघरातला पाट पलंगाजवळ ठेवायचा, त्यावर उभं राहायचं, गर्रकन वळायचं आणि पाठीमागे अंग टाकायचं. आणि रात्री तीनदा उठणारे बाबा अंधारात त्याच पाटाला अडखळतात. वर मच्छरदाणीची झालर पायात. तुम्ही तोल गेला म्हणालात काकूंना. तोल नव्हता गेला बाबा, पाट होता तिथे.

आता उंचीचं. पलंगावर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत, ही पहिली अट. आणि गुडघे दुखत असतील तर बैठक गुडघ्याच्या मापापेक्षा इंच-दोन इंच वरच बरी, कारण जितकं खाली बसावं तितका उठताना गुडघ्यावर भार. म्हणजे तुम्हाला २० आणि आईला १८, त्यातही गादी बसल्यावर इंचभर दबतेच. तुम्हा दोघांना एक उंची चालणार नाही, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. लग्नाच्या फोटोत आई तुमच्या खांद्याला लागतेय हे रोज पाहूनसुद्धा.

म्हणून दोन कॉट. थांबा, थांबा. दोन, पण शेजारी शेजारी, खेटून. दोन खोल्यांत नाही, दोन भिंतींना नाही. बाबांच्या श्वासाचा आवाज आल्याशिवाय तुला झोप लागत नाही हे मला माहीत आहे. हात लांब केला की हात लागेल. दोघांचीही चौकट १४ इंचांवर, आईची गादी ४ इंचांची आणि बाबांची ६ इंचांची. हिशेब जुळला की नाही? शिवाय गाद्या वेगळ्या असल्या की बाबा रात्री उठले तरी तू हलणार नाहीस, आणि तू कूस बदललीस तर ते जागे होणार नाहीत. मधल्या फटीत घालायला एक लांब लोड शिवून ठेव, तुझ्या मशीनवर तासाभराचं काम.

आईची कॉट आजोबांच्या पलंगातूनच होणार आहे. सुतार येऊन पलंग सोडवेल, रुंदी ५ फुटांवरून ३ वर आणेल, पाय कापेल. कापेल हा शब्द लिहिताना माझाही हात थांबला. पण बाबा, २०२१ च्या २२ जुलैच्या पुरात प्लायवुडची कपाटं फुगून भाकरीसारखी झाली आणि हा पलंग पाण्यातून जसाच्या तसा निघाला, ही गोष्ट तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगता. तेच लाकूड आहे म्हणूनच तर सुतार म्हणाला, याचं काहीही होईल. उरलेल्या सागाची डोक्याशी लावायला एक लांब पाठ करायला सांगितलीय, दोन्ही कॉटना मिळून एकच. आबलोलीच्या सुताराने केलेली ती वेलबुट्टी मधोमध.

बाबांची कॉट मात्र लोखंडी आहे. मोटरवर पाठ वर होणारी. हे वाचून तुमच्या कपाळावर काय उमटलं असेल ते मला इथून दिसतंय. दुकानात मी पाहत होते तर विकणाऱ्या मुलाने विचारलं, "पेशंट कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले. खरंच कोणी नाही. पण जेवल्यावर आडवं झालं की तुम्हाला आंबट ढेकर येऊन खोकला लागतो, मग तुम्ही उशीवर उशी, त्यावर चादरीची घडी, असा डोंगर रचता, आणि पहाटे मानेसकट सगळं घसरलेलं असतं. उशांनी फक्त मान वाकते. कॉटची पाठ उचलली की अख्खी छाती वर येते. त्यात गुडघ्यांचा भागही थोडा उचलता येतो. ते महत्त्वाचं, नाहीतर माणूस पायथ्याकडे घसरत जातो. हँडल फिरवायची कॉट स्वस्तात मिळत होती, पण ते हँडल पायथ्याशी, खाली. रात्री वाकून कोण फिरवणार, आई? म्हणून मोटर. वीज गेली तर हाताने फिरवायचीही सोय आहे, ती पाहूनच घेतलीय. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवून स्वतःच्या घरी मेणबत्ती लावलेल्या माणसाची मुलगी आहे मी.

दादाने आधी एक चित्र पाठवलं होतं. छान गुळगुळीत डबलबेड, खाली पेटी, झाकण उचललं की सामान. वहिनीला आवडला होता. मी नको म्हटलं. बाबा, एक करून बघा. खुर्चीवर बसा, पावलं पुढे ठेवा आणि उठून दाखवा. नाही उठता येत. उठताना टाचा आपोआप मागे, खुर्चीखाली जातात. पेटीच्या पलंगाला खाली जागाच नसते, टाचा फळीला अडतात, आणि मग माणूस हाताने ओढून घेत उठतो. साधी गोष्ट, पण कोणी विकताना सांगत नाही. तेव्हा आई, आता पलंगाखालचं कोठार बंद. आमसुलांच्या बरण्या, तांब्याचं घंगाळ, दादाच्या दहावीच्या वह्या (का?), सगळं वरच्या खोलीतच राहील. खालची जागा मोकळी.

मऊ मऊ गादीही घेतली नाही. दुकानात त्यावर आडवी होऊन पाहिली. शरीराचा साचा पडतो, आराम वाटतो, पण कूस बदलायला गेले तर मीच खड्ड्यातून निघेना, तू काय निघणार? आणि चिपळूणच्या मे महिन्यात त्यात भाजून निघाली असतीस. बाबांची घट्ट फोमची, कारण काथ्याची गादी कॉटबरोबर वाकत नाही. तुझी काथ्याचीच, नवी. तुझ्या कापसाच्या गादीचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. गोधड्या मात्र दोन्हीकडे घाल. आजीच्या नऊवारीची बाबांच्या कॉटवर, म्हणजे लोखंड दिसणार नाही.

जागा खालची मधली खोली. हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे, मला कळतंय. पुरानंतर बाबांनी चार माणसं लावून पलंग वर चढवला आणि म्हणाले, आता पाणी काय करतं बघू. बरोबर होतं ते. पण वर १७ पायऱ्या आहेत, आणि आई, तू आजकाल दिवसातून एकदाच उतरतेस. मला सांगतेस "वर वारा छान येतो." वाशिष्ठीचं पाणी दरवर्षी घरात येत नाही, जिना मात्र रोज आहे. तरी पावसाचं ठरवलंय: लाल इशारा आला की त्याच दिवशी, पाऊस दिसो न दिसो, मावशीकडे वरच्या अंगाला जायचं. रिक्षावाल्याशी बोललेय. बाबांनी "पाणी इतकं चढत नाही" असं म्हणायचं नाही. हेच २००५ लाही म्हणाला होतात.

मधली खोली १० बाय १२. पूर्वेची भिंत १२ फुटांची. दोन्ही कॉट मिळून ६, दोन्ही बाजूंना ३-३ फूट मोकळे. म्हणजे उद्या आईने वॉकर घेतला (घ्यायचाय असं नाही) तरी वळेल. डोकं पूर्वेला, तेव्हा दक्षिणोत्तर वाद मिटला. न्हाणीघर आठ पावलांवर. वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावायला सांगितलाय. खिडक्यांना जाळ्या बसतील, मच्छरदाणी बंद.

कॉटला संपूर्ण लांबीचे कठडे देत होते, ते घेतले नाहीत. अर्धवट झोपेत माणूस कठडा ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो, नाहीतर फटीत हात अडकतो. खांद्याजवळ, बाहेरच्या बाजूला एकेक मूठ फक्त, धरून उठायला.

आणि उठायचं कसं ते आता नीट ऐका. पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय कडेवरून खाली सोडायचे, कोपरावर भार, मग मूठ धरून बसायचं. बसल्यावर मिनिटभर थांबायचं. बाबा, तुमची बीपीची गोळी चालू आहे, झटकन उभं राहिलं की अंधारी येते, तुम्हीच म्हणाला होतात. काय घाई आहे? रात्रपाळी संपली ना.

कॉटच्या चाकांचे ब्रेक रोज तपासायचे. हे काम बाबांचं. तुम्हाला यंत्रावर काही काम असलं की बरं वाटतं.

दोन महिने वापरून बघा. बाबांची कॉट तेवढ्यात परत घेण्याचं दुकानदाराने कबूल केलंय, मी लिहून घेतलंय. नाहीच रुचली तर मी स्वतः येऊन नेईन, एक शब्द बोलणार नाही. (थोडं बोलेन.)

अलोऱ्याच्या क्वार्टरमध्ये आपण चौघं याच पलंगावर आडवे झोपायचो, आठवतं? दादा भिंतीला, मग मी, मग आई. बाबा सकाळी पाळीवरून यायचे, हाताला ग्रीसचा वास, आणि कोणाला न उठवता अगदी कडेला, एका कुशीवर झोपायचे. मी एकदा डोळे किलकिले करून पाहिलं तर तुमचा अर्धा पाय बाहेर लोंबकळत होता. मी सरकले नाही. मला वाटलं, बाबांना कडेलाच आवडतं.

गणपतीत पाहिलं, तुम्ही अजूनही तसेच झोपता. आई भिंतीकडे एवढीशी, मध्ये हातभर जागा रिकामी, आणि तुम्ही कडेला. नव्या कॉटवर तुमच्याशिवाय कोणीही झोपणार नाहीये, बाबा. मधोमध झोपा.

भाऊबीजेला येतेय. चकलीची भाजणी मी इथून आणेन, तू जात्याशी, मिक्सरशी उभी राहू नकोस.

तुमची,
छकू

ता. क. आई, पत्र वाचून झालं की पहिलं काम, पाट देवघरात परत ठेव. कॉट येईपर्यंत वर चढायला नको, दोघंही खाली दिवाणखान्यात दिवाणावर आणि सोफ्यावर झोपा. दिवाण आईने घ्यायचा, त्याची उंची मी मोजलीय.