चित्रपटानंतर लगेच प्रवचन नको

मा. संपादक,
महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली की नागपुरातल्या चर्चच्या तरुण संघांत प्रोजेक्टर बाहेर निघतो आणि एखादा ख्रिस्ती चित्रपट लावला जातो. अभ्यासाचा ताण, मोबाइल, एकटेपणा, घरातली भांडणे यांवर मुलांनी मोकळेपणी बोलावे, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात दोन तासांचा चित्रपट संपतो, वीस मिनिटे बोध होतो, प्रार्थना होते, तोवर आईवडील गाड्या घेऊन फाटकाशी उभे असतात. ज्यांच्यासाठी हे सगळे मांडले, त्यांना तोंड उघडायलाच मिळत नाही.

पूर्ण चित्रपट दाखवूच नये. दीड तासाच्या बैठकीत १२ ते १५ मिनिटांचा एकच प्रसंग पुरतो. तो मार्गदर्शकाने आधी दोनदा पाहावा, सुरुवात-शेवटाची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि प्रश्न सुटायच्या आत थांबवावा. हे थांबवणे सर्वांत महत्त्वाचे. यातल्या बहुतेक चित्रपटांत संकट येते, नायक गुडघे टेकतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत सामना जिंकतो किंवा घर सावरते. ज्या मुलीच्या घरात बाप रोज पिऊन येतो, ती यातून एवढेच घेऊन जाते की आपलीच प्रार्थना कमी पडते.

‘सोल सर्फर’ (२०११) हा तेराव्या वर्षी शार्कच्या हल्ल्यात डावा हात गमावलेल्या बेथनी हॅमिल्टनवरचा चित्रपट. हे देवाच्या योजनेत कसे बसते, असे ती आपल्या तरुण संघाच्या मार्गदर्शिकेला विचारते, तेव्हा मार्गदर्शिका आधी ‘मला ठाऊक नाही’ असे कबूल करते. तिथेच थांबवा. मग बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मधे झोपू देतो. मुले या दोन प्रसंगांवर बोलतात, कारण दोन्हींत दुःखात असलेल्याला कोणी रागावत नाही.

गट आठ-दहा जणांचा असावा, १३ ते १५ आणि १६ ते १८ वेगळे, प्रत्येक गटात दोन मोठी माणसे. पालकांनी मागे खुर्ची टाकून बसू नये. पहिला प्रश्न ‘तुला असे कधी वाटले का?’ हा मुळीच नको. सगळे माना खाली घालतात. ‘या प्रसंगात तिचे दुखणे कोणाच्या लक्षात आले नाही?’ असे पात्राबद्दल विचारावे. मग किमान अर्धा मिनिट गप्प राहावे. ही शांतता मोठ्यांनाच सोसत नाही आणि तेच उत्तर देऊन मोकळे होतात.

मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहून द्यायची चिठ्ठ्यांची पद्धत चांगली, पण आपल्याकडे चर्चच्या मंडळ्या छोट्या, अक्षर ओळखू येते. म्हणून सर्वांना सारखा कागद आणि सारखे पेन द्यावे. ज्याला विचारायचे काही नाही त्याने बायबलमधल्या स्तोत्र १३ मधली एक ओळ लिहावी, म्हणजे कोण लिहितो आहे ते कळत नाही. चिठ्ठ्या मोठ्याने वाचू नयेत. मात्र मुले घरी जाण्याआधी मार्गदर्शकांनी त्या सगळ्या पाहाव्यात.

चिठ्ठीत किंवा बोलण्यात जीव देण्याचा विचार दिसला, तर त्या मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नये, विश्वासातल्या पालकाला त्याच दिवशी कळवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीच देऊ नये: लैंगिक अत्याचार कळल्यास पोलिसांना कळवणे पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहेच. आत्महत्येची पद्धत दाखवणारे दृश्य असेल तर तो प्रसंग निवडूच नये.

आणखी एक, अगदी साधी अडचण. मे महिन्यात सभागृहात दोन-तीन कूलर घरघरत असतात आणि परदेशी उच्चारांतले संवाद त्यात बुडून जातात. बैठक सकाळी आठला घ्यावी, प्रसंग चालू असेपर्यंत कूलर बंद ठेवावेत, उपशीर्षके हिंदी किंवा मराठी आणि मागच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी असावीत. घरगुती ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. वितरकाकडून लेखी परवानगी आधी घ्यावी.

आणि ही बैठक दहावी-बारावीच्या निकालाआधीच्या आठवड्यात ठेवावी, नंतर नव्हे. निकालाच्या दिवशी दोन मार्गदर्शकांनी रात्रीपर्यंत फोन चालू ठेवावेत आणि ते क्रमांक मुलांना आदल्या रविवारीच लिहून द्यावेत.

आपला,
तरुण संघाचा एक मार्गदर्शक, सदर, नागपूर