अमेरिकन सामोआच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले गोलकीपर निकी सालापू यांना, एका गोलकीपरच्या आईकडून

प्रिय निकीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल याची मला खात्री नाही. तरीही लिहिते आहे, कारण हे आभार आता मनात मावत नाहीत. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्यांनी हे वाचायला हवं ते बरेचसे इथलेच आहेत.

माझी मुलगी फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठापेठांच्या इज्जतीचा मामला. इथे पोरं चालायला लागली की बॉलला पाय लावतात. यंदा एका स्पर्धेत तिच्या टीमने इतके गोल खाल्ले की शेवटी बघणारेच मोजायचे थांबले. तिच्यापुढे बचावाला उभ्या केलेल्या मुलींनी एकत्र धड सरावही केलेला नव्हता. ही जुळवाजुळव करणारी मोठी माणसं सामना संपल्यावर तिच्याकडे न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर स्कोअर आला, तिच्या नावासकट, पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणी टाकला ते लिहीत नाही. त्यांना ठाऊक आहे. तिने ग्लोव्ह्ज पिशवीत भरले, माळ्यावर टाकले आणि त्या विषयावर बोलणंच बंद केलं.

तिच्या मामाने तुमचं नाव सांगितलं, तेव्हा मला अमेरिकन सामोआ नकाशावर कुठे आहे तेही माहीत नव्हतं. प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. स्वतंत्र देश म्हणावा तर तो अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, पण फुटबॉलच्या मैदानात स्वतःच्या झेंड्याखाली उतरणारा. तिथली पोरंही जास्त करून अमेरिकन फुटबॉल खेळणारी.

11 एप्रिल 2001, ऑस्ट्रेलियातलं कॉफ्स हार्बर. विश्वचषक पात्रतेचा सामना. ऑस्ट्रेलिया 31, अमेरिकन सामोआ 0. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला सर्वांत मोठा पराभव, आणि गोलमध्ये तुम्ही. एकट्या आर्ची थॉम्पसनने 13 गोल केले. गोल इतके झाले की फलकावर आधी 32 लागले आणि मागाहून मोजून 31 करावे लागले. जगाने एवढंच वाचलं आणि हसून पान उलटलं.

त्यामागची गोष्ट किती जणांनी वाचली? अमेरिकन पासपोर्ट असलेलेच खेळाडू चालतील असा नियम पुढे आला आणि 20 जणांच्या संघातून उरलात तुम्ही एकटे. 20 वर्षांखालचा संघ आणावा तर त्या मुलांच्या शाळेच्या परीक्षा. मग मिळेल तो पोरगा उचलून संघ उभा केला. सरासरी वय 18, त्यात तिघे जण 15 वर्षांचे. दोनच दिवस आधी ज्या ऑस्ट्रेलियाने टोंगाला 22 गोल मारले होते, तिच्यासमोर ही मुलं उभी केली. तरी पहिली आठ-दहा मिनिटं तुम्ही गोल होऊ दिला नाहीत. ती मिनिटं कोणाच्याच लक्षात नाहीत, पण माझ्या मुलीने तीच आधी शोधून काढली. "आई, बघ, सुरुवातीला शून्यच होतं," असं ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती फुटबॉलबद्दल एवढं बोलली होती.

नियम करणारे, संघ पाठवणारे, अशा सामन्याचं वेळापत्रक आखणारे यांतल्या एकाच्याही नावापुढे तो आकडा लागला नाही. तो लागला तुमच्या नावापुढे. पुढे छोट्या संघांसाठी आधी वेगळी फेरी ठेवायची असं ठरलं, म्हणजे चूक कुठे होती हे त्यांनाही उमगलंच की. पण तोपर्यंत तुम्ही वर्षानुवर्षं 'तो 31 गोलवाला' म्हणून जगत होतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

पुढे तुम्ही अमेरिकेत, सिएटलकडे राहायला गेलात. तिथे घरी बसून तुम्ही व्हिडिओ गेम लावायचात, एका बाजूला अमेरिकन सामोआ, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाचा कंट्रोलर कोणाच्याच हातात नसायचा. त्यांचे खेळाडू नुसते उभे, आणि तुम्ही त्यांच्यावर गोलवर गोल चढवायचात. हे तुम्ही स्वतः सांगितलंत. ते सांगायची काही गरज नव्हती. मोठा, जबाबदार पुरुष, देशाकडून खेळलेला, आणि एकटा बसून असं करतो हे कोण कबूल करेल? "मी कधीच सगळं विसरलो," असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही जे होतं ते तसंच सांगितलंत.

माझी मुलगी रात्री अंथरुणात हात हलवायची. डावीकडे झेप, उजवीकडे झेप. ते गोल ती परत परत अडवत होती. तिला वाटायचं, आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. तुमच्या त्या कंट्रोलरची गोष्ट वाचली आणि ती बराच वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला म्हणाली, "तो पण करतो." भाऊ, समुपदेशकांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी तिला 'विसरून जा' म्हणून सांगितलं होतं. तिला हवं होतं ते तुमच्याकडून मिळालं.

आणि मग 2011. थॉमस रोंगेन हा प्रशिक्षक सामन्यांच्या जेमतेम तीन आठवडे आधी आला आणि 2001 च्या संघातले तुम्ही एकटे परत गोलमध्ये उभे राहिलात. फिफाच्या मान्यतेच्या सामन्यांत तोवर एकही विजय नाही. 22 नोव्हेंबरला सामोआत, आपियाला, समोर टोंगा. मध्यंतराच्या जरा आधी रामिन ऑटचा लांबून गोल, नंतर शालोम लुआनीचा. शेवटाला टोंगाने एक फेडला आणि उरलेली मिनिटं तुम्ही कशी काढली असतील ते फक्त गोलकीपरलाच कळेल. 2–1! आम्ही दोघी ती दृश्यं बघताना ओरडलो, निकाल माहीत असूनही. पुढे कुक आयलंड्सशी बरोबरी झाली आणि सामोआकडून अगदी शेवटच्या क्षणी एका गोलने हार. त्याचं दुःख आम्हालाही झालं.

टोंगाविरुद्धच्या त्या सामन्यात तुमच्यापुढे बचावाच्या मधोमध जाया साएलुआ होती. जन्माने मुलगा पण बाईसारखं जगणाऱ्यांना तुमच्या समाजात फाआफाफिने म्हणतात, त्यांच्यातली, आणि विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात खेळलेली, उघडपणे ट्रान्सजेंडर असलेली पहिली खेळाडू. रोंगेन बाहेरून आलेला माणूस, पण तिला बाजूला सारायचं त्याच्या मनात आलं नाही. ती चांगली खेळते, मग ती खेळेल, एवढा साधा हिशेब. तुम्हा सगळ्यांना तर त्यात वेगळं काही वाटतच नव्हतं. आमच्याकडे एखाद्या लेकराचा आवाज जरा वेगळा असला तरी त्याला मैदानाबाहेर बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. माणसाशी माणसासारखं वागायला पैसा लागत नाही, मोठं स्टेडियम लागत नाही. तुमच्या संघाकडे यातलं काहीच नव्हतं, तरी तो चांगुलपणा होता. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना तो का जमत नाही, हे मला खरंच कळत नाही.

ग्लोव्ह्ज माळ्यावरून खाली आलेत. हात वाढल्यामुळे ते आता तिला घट्ट होतात, पुढच्या महिन्यात नवे घेणार आहोत. ती दुसऱ्या एका टीमबरोबर सरावाला जाते. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बचावातल्या मुलींना तिच्यासमोर उभं केलं आणि गोल झाला तर तो सगळ्यांचा, असं बजावलं. त्या ताईंचेही आभार, पण त्यांना मी रोज भेटते, त्यामुळे ते तोंडी होतील.

तुम्हाला भेटणं होणार नाही, म्हणून हे कागदावर. आणि 2001 ला तुमच्याबरोबर उतरलेली ती 15 वर्षांची तीन मुलं आता चाळिशीच्या आसपास आली असतील. ती कधी भेटली तर त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

आपली बहीण,
कोल्हापूरच्या एका गोलकीपरची आई