बुडालेल्याचे पोट दाबू नका

मा. संपादक,

गणपतीपुळे असो वा तारकर्ली, बुडालेल्याला बाहेर काढले की लोक त्याला पालथे घालून पोट दाबतात. कळकळीची विनंती, हे थांबवा. फुफ्फुसांत शिरलेले पाणी बहुधा थोडेच असते आणि ते असे निघत नाही. उलट जठरातले पाणी, अन्न घशात येऊन श्वासनलिकेत उतरते. उजवी शाखा अधिक रुंद व सरळ, त्यामुळे बरेचदा उजव्या फुफ्फुसात.

शांत श्वासाचे बहुतेक काम छाती आणि पोट यांमधले श्वासपटल करते. प्राणवायूअभावी मेंदूकडून त्याला येणारा आदेशच थांबतो. म्हणून श्वास चालू नसेल तर आधी श्वास द्या: उताणे झोपवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास, प्रत्येकी एक सेकंद. छाती वर येतेय ना, ते पाहा. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब. दर ३० दाबांनंतर दोन श्वास. (मापे प्रौढांसाठी.) १०८ला फोन दुसऱ्या कुणीतरी लगेच करावा.

शुद्धीवर आला तरी थेट घरी नेऊ नका. वायुकोश (फुफ्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या) उघडे ठेवणारा पातळ थर पाण्याने निकामी होतो आणि धाप काही तासांनीही लागू शकते.

– एक भूलतज्ज्ञ, रत्नागिरी