वैशालीस, तिसाव्या आठवड्यात

प्रिय वैशाली,

तुझा निरोप तीनदा ऐकला. तिसावा आठवडा लागला, पाय सुजतात, कूस बदलताना बसून घ्यावं लागतं, सगळं समजलं. पण शेवटी जाता जाता म्हणालीस, ‘पहिले सहा महिने आईची प्रतिकारशक्ती असतेच म्हणे बाळाला,’ तिथं मी अडकले. मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, आणि माझं पोरगं सात आठवड्यांचं असताना ऑक्सिजनवर होतं. तुला घाबरवत नाहीये. ते वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं कळून उपयोग व्हायचा तर आत्ताच कळायला हवं.

आधी नुसतं नाक वाहत होतं. मग दूध पिताना दोन घोट घेऊन तोंड सोडायचा, धापा टाकायचा, पुन्हा तोंड लावायचा. रात्री अंगडं वर केलं तर पोट उडत होतं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जायची, नाकपुड्या फुलायच्या. अंगात ताप जेमतेम होता, आणि मी मूर्ख, थर्मामीटर धरून बसलेले. निदान झालं आरएसव्हीचं. आपल्याला ज्यानं साधी सर्दी होते, तोच विषाणू. एवढ्याशा जिवाच्या श्वासनलिका इतक्या बारीक, की थोडी सूज आणि चिकट स्राव आला की वाट बुजते. उपचार म्हणजे ऑक्सिजन, नळीतून दूध आणि वाट बघणं.

तो तेहतिसाव्या आठवड्यात झाला होता, आठवतंय ना? मला वाटायचं, आईची प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, नऊ महिने सारखी झिरपत असतील. तसं नसतं. वारेच्या पेशींमध्ये एक ग्राहक प्रथिन असतं. ते आईच्या रक्तातली आयजीजी ही प्रतिपिंडं धरतं आणि पलीकडे बाळाच्या रक्तात नेऊन सोडतं. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, पण खरा ओघ शेवटच्या काही आठवड्यांतला. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आयजीजी आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त असते. माझ्या पोराची ती शेवटची मोठी खेप चुकली.

आणि मिळालेला साठाही सारखा सरत असतो. साधारण महिन्याभरात निम्मा, पुढच्या महिन्यात त्याच्या निम्मा. जन्माला सोळा भाग असतील तर चार महिन्यांनी एक उरतो. ‘सहा महिने’ ही काही हमीची मुदत नाही, फार तर उतरत्या रेघेचा शेवट. शिवाय आईकडे ज्या रोगाची प्रतिपिंडं भरपूर, त्याचीच बाळाला भरपूर मिळणार. गंमत म्हणजे हीच प्रतिपिंडं कधी आडवीही येतात: गोवराच्या लसीतला विषाणू ती आधीच निकामी करतात. ती लस अनेक देशांत नवव्या महिन्यापर्यंत थांबवतात, त्याचं हे एक मोठं कारण.

दुधाबद्दल तू विचारशीलच. वासराला गाईच्या वारेतून प्रतिपिंडं मिळतच नाहीत. पहिल्या दिवसातला चीक हाच त्याचा सगळा साठा, तोच आतड्यातून रक्तात जातो. माणसाच्या बाळाचं तसं नाही. आपल्या दुधातली प्रतिपिंडं मुख्यतः आयजीए नावाच्या वेगळ्या प्रकारची. ती रक्तात न जाता घशा-आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. उपयोगी आहेतच, पण वारेतून राहून गेलेलं दुधातून भरून निघत नाही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ‘माझंच दूध कमी पडलं’ म्हणून रात्र-रात्र रडले नसते.

आता मुद्द्याचं. आरएसव्हीची लस थेट बाळांना द्यायचा प्रयत्न १९६० च्या दशकात झाला आणि भयंकर उलटला. लस घेतलेल्या मुलांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार जास्त बळावला, दोन मुलं दगावली. मग कित्येक वर्षं सगळे बिचकून होते. २०१३ साली, विषाणू ज्याच्या मदतीनं पेशीत शिरतो त्या एफ प्रथिनाचा, पेशीच्या आवरणात मिसळण्याआधीचा आकार नीट दिसला आणि गाडी पुढे सरकली. आता लस आईला देतात, म्हणजे तिच्या रक्तात प्रतिपिंडं वाढतात आणि वार ती पोचवते. मोठ्या चाचणीत पहिल्या ९० दिवसांतला गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी घटला, १८० दिवसांपर्यंत पाहिलं तर सुमारे ६९ टक्क्यांनी. अमेरिकेत २०२३ पासून ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. प्रसूतीआधी किमान दोन आठवडे हातात हवेत, नाहीतर प्रतिपिंडं तयार होऊन पलीकडे पोचायला वेळच उरत नाही. ती हुकली तर बाळालाच तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन देता येतं, निर्सेव्हिमॅब नावाचं. सहसा दोन्हींपैकी एकच पुरतं.

तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: आरएसव्हीची लस तुमच्याकडे मिळते का, तुझ्या तारखेच्या हिशेबानं कधी घ्यायची, आणि फ्लू व डांग्या खोकल्याची लस राहिलीय का. फ्लूची लस तर सहा महिन्यांखालच्या बाळाला देतच नाहीत, तेव्हा तीही तुझ्यामार्फतच जायची.

आमचे चिरंजीव आता दणकट आहेत. हे लिहिताना दोनदा पेन पळवलं, म्हणून मधे अक्षर असं वेडंवाकडं. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, पण लिहून. तुझे सात-सात मिनिटांचे निरोप ऐकायला मला घरात कोपरा शोधावा लागतो.

तुझीच,
सुमा